सायकली मोजणारा रस्ता

वाशिम जिल्ह्यातल्या मंगरूळपीर तालुक्यात शेलूबाजार हे रस्त्यांच्या चौफुलीवरचे गाव आहे. कारंज्याहून मालेगावकडे जाणारा जुना नागपूर-औरंगाबाद रस्ता आणि अकोल्याहून मंगरूळपीरला जाणारा रस्ता इथे एकमेकांना छेदतात. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला, तेव्हा त्यावर चढण्या-उतरण्याची वाट गावाजवळच वनोजा परिसरात आली. समृद्धीवरून जाणारी प्रत्येक गाडी टोलनाक्यावर यंत्र ओळखते. ती कार आहे की सहा चाकी ट्रक, कुठे चढली, कुठे उतरली, किती वाजता, हे सगळे नोंदले जाते. सायकलीला मात्र त्या महामार्गावर मनाई आहे. ती राहिली जुन्या रस्त्यावर. शाळेत जाणाऱ्या मुली, वावरात जाणारे शेतकरी आणि मजूर, बाजाराच्या दिवशी कॅरिअरला पिशव्या बांधून येणारी माणसे त्याच रस्त्याने जातात, आणि त्यांची नोंद ठेवणारे यंत्र तिथे नाही.

जगात काही शहरांनी नेमके हेच यंत्र बसवले आहे. सायकल रस्त्याच्या एका विशिष्ट जागेवरून जाते, आणि शेजारच्या उंच फलकावरचा आकडा त्याच क्षणी एकाने वाढतो. आज इतक्या सायकली गेल्या, या वर्षात इतक्या गेल्या. चालवणाऱ्याला आपण त्या आकड्यात भर घातलेली स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. डेन्मार्कमध्ये अशा फलकाला सायकल-बॅरोमीटर म्हणतात. ओडेन्स आणि कोपनहेगन या तिथल्या शहरांत तो प्रसिद्ध झाला आणि मग इतर देशांत पसरला. अमेरिकेत पोर्टलंड शहरातल्या हॉथॉर्न पुलावर ऑगस्ट २०१२ मध्ये असा फलक लागला. त्यासाठी ‘सायकल ओरेगॉन’ या संस्थेने २० हजार डॉलरची देणगी दिली होती. दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर २०१२ मध्ये, सिॲटलच्या फ्रेमाँट पुलावर दुसरा उभा राहिला. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्केट स्ट्रीटवर तिसरा.

हे यंत्र सायकल ओळखते कसे, हा यातला सर्वात नवलाचा भाग आहे. सायकलीला नंबरप्लेट नाही, इंजिन नाही, फास्टॅग नाही. तिचे वजनही बहुतेक चालवणाऱ्याचेच असते. तरीही रस्ता तिला ओळखू शकतो.

एक पद्धत आहे विजेच्या वेटोळ्याची. रस्त्यात करवतीने बारीक खाच पाडतात, तिच्यात तारेची वेटोळी घालतात आणि वरून खाच बुजवतात. तारेतून सतत उलटसुलट होणारा विद्युतप्रवाह सोडला की वेटोळ्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रातून सायकलीची लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची रिम गेली की रिममध्येच छोटे भोवरी प्रवाह उठतात आणि मूळ क्षेत्राला विरोध करतात. वेटोळ्याचे प्रेरकत्व क्षणभर घटते. खांबातले यंत्र हा बदल पकडते. कारच्या धातूचा बदल मोठा आणि लांबट असतो, सायकलीच्या दोन रिमांचा छोटा आणि ठरावीक घाटाचा. त्या घाटावरून यंत्र दोघांना वेगळे करते. रस्त्यावर वर काहीच दिसत नाही, चाकाला धक्का लागत नाही, आणि तरी नोंद होते. सिॲटलच्या पुलावर दोन्ही बाजूंच्या पदपथांत अशीच वेटोळी पुरलेली आहेत. महागड्या शर्यतीच्या सायकलींच्या कार्बनच्या रिमा या वेटोळ्याला नीट जाणवत नाहीत. आपल्याकडच्या काळ्या, जड, पोलादी सायकलीचा संकेत मात्र ठळक उमटेल.

दुसरी पद्धत साधी आणि जुनी आहे. रस्त्यावर आडवी रबरी नळी ठोकायची. चाक नळीवरून गेले की आतली हवा दाबली जाते आणि तो दाब नळीच्या टोकाला असलेल्या पेटीतली कळ हलवतो. एकाच नळीने फक्त चाके मोजता येतात. ठरावीक अंतरावर दोन नळ्या ठेवल्या की गंमत सुरू होते. पहिली नळी आधी दबली की दुसरी, यावरून दिशा कळते. दोन्हींमधल्या वेळेवरून वेग कळतो. आणि वेग कळला की पुढच्या व मागच्या चाकातले अंतरही काढता येते. सायकलीत ते साधारण एक मीटर असते, कारमध्ये त्याच्या अडीच पट. एवढ्यावर यंत्र सांगते की आत्ता सायकल गेली. हवेच्या एका झुळकीतून दिशा, वेग आणि वाहनाचा प्रकार हे तिन्ही काढणारी ही युक्ती मला मानवी बुद्धीच्या सुंदर नमुन्यांपैकी एक वाटते. याशिवाय अवरक्त किरणांची, दाबाने वीज निर्माण करणाऱ्या पट्ट्यांची आणि कॅमेऱ्याची अशीही यंत्रे आहेत.

यातल्या बहुतेक यंत्रांची एक अडचण सारखी आहे. दोन सायकली अगदी शेजारी-शेजारी गेल्या तर यंत्र अनेकदा त्यांना एकच समजते. शाळा सुटल्यावर तिघी मैत्रिणी गप्पा मारत एका ओळीत सायकली चालवतात, तेव्हा यंत्राचा आकडा खऱ्यापेक्षा कमीच येणार.

आकडे जमू लागले की त्यांतून काय काय दिसते, याचे उत्तम उदाहरण फ्रेमाँट पूल आहे. सिॲटलने त्या पुलाची तासातासाची नोंद सर्वांसाठी खुली ठेवली. जेक व्हॅन्डरप्लास या मुळात खगोलशास्त्रज्ञ असलेल्या अभ्यासकाने २०१६ मध्ये ‘पायथन डेटा सायन्स हँडबुक’ हे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात हीच नोंद धडा म्हणून वापरली. जगभरचे विद्यार्थी आज या पुलावरच्या सायकलींवर संख्याशास्त्र शिकतात. कामाच्या दिवशी आलेखाला दोन उंचवटे येतात, एक सकाळी आठच्या सुमारास आणि दुसरा संध्याकाळी पाचच्या. सुटीच्या दिवशी दुपारकडे एकच पसरट उंचवटा. म्हणजे तिथे सायकल ही हौसेची वस्तू राहिलेली नाही, ते कामावर जाण्याचे साधन आहे, हे कोणालाही न विचारता कळले. व्हॅन्डरप्लास यांच्या हिशोबात दिवसाच्या उजेडाचा एक तास वाढला की रोज सुमारे १२९ सायकली वाढत होत्या, आणि पाऊस नसलेल्या दिवशी पावसाळी दिवसापेक्षा सरासरी सुमारे ५४८ सायकली जास्त जात होत्या.

मोजत राहण्याचा मोठा दाखला कोपनहेगनचा आहे. तिथे महापालिकेने १९७० पासून शहराच्या मध्यभागातली वाहतूक मोजली. त्या वर्षी ३,५१,१३३ मोटारी आणि १,००,०७१ सायकली नोंदल्या गेल्या. २०१६ मध्ये सायकली २,६५,७०० झाल्या आणि मोटारी २,५२,६०० वर आल्या. मोजणी सुरू झाल्यापासून प्रथमच सायकल पुढे गेली. मधल्या ४६ वर्षांत तिथे वेगळ्या सायकल-वाटा झाल्या, सायकलींचे पूल झाले, २० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराला सलग हिरवा दिवा मिळेल अशी सिग्नलची बांधणी झाली. फलक यातल्या बऱ्याच गोष्टींनंतर आला, हे विसरून चालणार नाही. पण आकडा हाताशी होता, म्हणूनच हा बदल ठामपणे सांगता आला.

आता आपल्याकडे वळू. भारतात रस्त्यावरची मोजणी नवी नाही, आणि तिची रीत ठरवणाऱ्या संस्थेची सुरुवात एका मराठी माणसाच्या नावाशी जोडलेली आहे. १९२७ मध्ये नेमलेल्या भारतीय रस्ते विकास समितीचे अध्यक्ष होते मुकुंदराव जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. त्यांच्या समितीच्या शिफारशींतून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्त्यांची मानके ठरवणारी संस्था उभी राहिली. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ता ही उतरंड ज्या आराखड्याने पक्की केली, तो १९४३ चा आराखडा तर ‘नागपूर योजना’ या नावानेच ओळखला जातो.

इंडियन रोड्स काँग्रेसच्याच १९७२ च्या मानकात शहराबाहेरच्या रस्त्यांवरील वाहतूक गणनेची रीत दिलेली आहे. वर्षातून किमान दोनदा, एकदा पीक काढणीच्या व विक्रीच्या गर्दीत आणि एकदा मंदीच्या काळात, सलग सात दिवस, चोवीस तास. गणकाने रस्त्याकडेला बसून प्रत्येक वाहनासाठी एक उभी रेघ ओढायची, आणि पाचव्या वाहनाला आधीच्या चार रेघांवर तिरकी रेघ मारायची. तक्त्यात मोटार, बस, ट्रक यांच्याबरोबर सायकल आणि बैलगाडी यांनाही जागा आहे. म्हणजे सायकल कागदावर कधीच अदृश्य नव्हती. मात्र आपल्या भागात काढणीची गर्दी म्हणजे सोयाबीनचे दिवस, आणि त्यालाच लागून दिवाळीची सुटी. मोजणीचा आठवडा सुटीत सापडला तर शाळेच्या सगळ्या सायकली तक्त्याबाहेर राहतात.

मोजलेल्या आकड्यांचे पुढे काय होते, हे तर फारच थोड्यांना माहीत असते. वेगवेगळी वाहने एकाच मापात आणण्यासाठी प्रत्येकाला कारच्या तुलनेत वजन दिले जाते. याच संस्थेच्या ग्रामीण रस्त्यांसाठीच्या १९९० च्या मार्गदर्शिकेत कार १, सायकल ०.५, मोटारसायकल ०.५, बस किंवा ट्रक ३, ट्रेलर लावलेला ट्रॅक्टर ४.५ आणि मोठी बैलगाडी ८. एक बैलगाडी आठ कारइतकी! कारण हे माप वाहन रस्त्याची किती जागा आणि किती वेळ अडवते याचे आहे. किती माणसे पोचली, किती धूर झाला, किती पैसा वाचला, यांना त्यात स्थान नाही. माझ्या मते सायकलीवर इथे अन्याय झाला आहे. अडथळा म्हणून मोजलेल्या वस्तूसाठी कोणी वाट बांधत नाही.

तरीही त्याच संस्थेच्या दुसऱ्या एका मानकात सायकलीचा हक्क स्वच्छ लिहिला आहे. सायकल-वाटांविषयीचे हे मानक १९६२ मध्ये आले आणि २०१५ मध्ये नव्याने लिहिले गेले. १९६२ च्या मजकुरानुसार, ज्या रस्त्यावर गर्दीच्या तासाला १०० ते २०० मोटारवाहने जातात, तिथे त्या तासात ४०० सायकली असतील तर वेगळी सायकल-वाट योग्य ठरते. आणि मोटारवाहने तासाला २०० पेक्षा जास्त असतील, तर अवघ्या १०० सायकलीही पुरेशा आहेत. वाहने जितकी जास्त आणि धोका जितका मोठा, तितक्या कमी सायकलींना संरक्षण मागता येते. साठ वर्षांपूर्वी कोणा अभियंत्याने हे किती विचारपूर्वक लिहिले असेल! शंभर हा आकडा शेलूबाजारसारख्या गावाच्या आवाक्यातला आहे. चारी बाजूंच्या खेड्यांतून मुले-मुली शिकायला येतात अशा चौकात शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या तासाला शंभर सायकली ही अशक्य गोष्ट नाही. फक्त त्या कोणीतरी मोजून कागदावर आणायला हव्यात.

एकेकाळी ग्रामपंचायतीला आपल्या गावातल्या सायकली पाठ असत. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या १२४ व्या कलमाने पंचायतींना सायकलींवर आणि जनावरांनी ओढायच्या गाड्यांवर कर बसवण्याचा अधिकार दिला. नगरपालिकाही असा कर घेत आणि तो भरल्याची खूण म्हणून सायकलीला पितळी बिल्ला मिळे. करासाठी का होईना, सायकलीची नोंद होती. कर हळूहळू बंद पडले, लोकांची सुटका झाली, आणि नोंदही गेली.

२०११ च्या जनगणनेत लोक कामावर कसे जातात हे प्रथमच विचारले गेले. त्या उत्तरांनुसार देशात सुमारे २ कोटी ६३ लाख लोक सायकलीने कामावर जात होते, म्हणजे विचारलेल्यांपैकी १३.१ टक्के. मोटारसायकल-स्कूटरवाले १२.७ टक्के होते. कारने जाणारे जेमतेम २.७ टक्के. सायकल मोटारसायकलीच्या पुढे होती, हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल. पण हा प्रश्न शेतकरी आणि शेतमजूर यांना विचारलाच गेला नाही, आणि घरगुती उद्योगात काम करणाऱ्यांनाही नाही. ज्या जिल्ह्याचा संसार सोयाबीन, तूर आणि कापसावर चालतो, तिथल्या वावरात सायकलीने जाणारा माणूस देशाच्या सर्वात मोठ्या मोजणीतही या प्रश्नापुरता बाहेरच राहिला.

मुलींच्या सायकलींची गोष्ट जरा वेगळी आहे, कारण त्या शासनाने स्वतः दिल्या आहेत. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या मागास तालुक्यांमध्ये शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. आधी ते ३,५०० रुपये होते, २०२२ मध्ये ५,००० झाले. वाशिम जिल्हा या कार्यक्रमात आहे. बिहारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींसाठी अशीच योजना आणली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण त्या योजनेने ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलामुलींमधली दरी ४० टक्क्यांनी आटली, असे त्यांना आढळले. शाळा तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत फरक जास्त पडला. सायकल मुलीच्या शिक्षणासाठी काय करते, याचा याहून चांगला पुरावा मिळणे कठीण. आपल्याकडे सायकल दिल्याची नोंद शासनाकडे आहे. ती कोणत्या रस्त्याने, कोणत्या ट्रकच्या किती जवळून रोज जाते, याची नोंद फक्त रस्त्यावरच होऊ शकते.

फलकाने माणसे खरोखर सायकलीकडे वळतात का? माणूस इतरांकडे पाहून वागतो, एवढे तर पक्के आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हॉटेलच्या खोल्यांत दोन प्रकारच्या चिठ्ठ्या ठेवल्या होत्या. पर्यावरण वाचवा, टॉवेल पुन्हा वापरा, असे सांगणारी चिठ्ठी सुमारे ३५ टक्के पाहुण्यांनी मानली. इथे उतरलेले बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात, असे सांगणारी सुमारे ४४ टक्क्यांनी. उपदेशापेक्षा शेजाऱ्याचे वागणे जास्त काम करते. पुण्यात २०१३ पासून ‘सफर’ प्रकल्पाने हवेच्या प्रदूषणाचे फलक रस्त्याकडेला लावले, तेव्हा डोळ्यांना न दिसणारी गोष्ट शहराच्या बोलण्यात आली. सायकलीचा फलक हेच काम उलट दिशेने करतो. तो धोका न दाखवता सोबत दाखवतो. मोटारसायकल घ्यायची ऐपत नाही म्हणून सायकल, असे ज्याला मनातून वाटत असते, त्याला तो दाखवतो की आज याच चौकातून आणखी इतके जण सायकलीने गेले. आणि ट्रकचालकालाही दाखवतो की या रस्त्यावर सायकली आहेत, बऱ्याच आहेत.

तरी माझे मत स्पष्ट आहे. वाटेशिवाय फलक लावणे अर्धवट काम होईल. साइडपट्टी उखडलेली, कडेला खडी पसरलेली, मागून उसाचा ट्रेलर आलेला, अशा रस्त्यावर नुसता आकडा झळकवून कोणी आपल्या मुलीला सायकलीवर पाठवणार नाही, आणि पाठवूही नये. आकड्याचे खरे मोल वाट मागण्यासाठी आहे, आणि वाट झाल्यावर ती भरलेली ठेवण्यासाठी.

शेलूबाजारात परदेशातले यंत्र तसेच्या तसे आणून चालणार नाही. आपली काळी कापसाची जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तडकते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ताही तिच्यासोबत वरखाली होतो. खाचेत पुरलेली तार अशा रस्त्यात एका हंगामात तुटू शकते. रबरी नळी टाकली तर ट्रॅक्टरचे लोखंडी केजव्हील आणि बैलगाडीची लोखंडी धाव तिला फार दिवस टिकू देणार नाही. सौर पट्टीवर चालणारा, खांबावर बसवलेला कॅमेरा इथे जास्त सोयीचा. फलकाशेजारी हवा भरायचा पंप बसवला तर लोक तिथे थांबतील आणि आकडाही वाचतील.

पण यंत्राची वाट पाहायचे कारण नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात रोज लिहिले जाते: पट इतका, हजर इतके, मुलगे इतके, मुली इतक्या. हीच आपली घरची पद्धत चौकातल्या फळ्यावर आणता येईल. शाळेतल्या मोठ्या मुलांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली, रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर, ओट्यावर बसून पाच रेघांनी मोजायचे आणि संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आकडा लिहायचा. भूगोल आणि गणिताचा यापेक्षा चांगला प्रकल्प मला तरी सुचत नाही.

शेलूबाजार आणि आसपासच्या गावांतल्या शिक्षकांना, सरपंचांना आणि पालकांना माझी विनंती आहे. शाळा पूर्ण भरलेल्या जुलैतला एक आठवडा निवडा. शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या तासाला चौकातून जाणाऱ्या सायकली आणि मोटारवाहने वेगवेगळी मोजा, तारीख व वेळ लिहा, त्यावर मुख्याध्यापक आणि सरपंच यांच्या सह्या घ्या. तासाला २०० हून जास्त मोटारवाहने आणि १०० सायकली भरल्या, तर तो कागद ग्रामसभेच्या ठरावासह सार्वजनिक बांधकाम विभागाकडे द्या, आणि सोबत इंडियन रोड्स काँग्रेसच्या सायकल-वाटांच्या मानकाचा उल्लेख करा. त्याचा क्रमांक आहे ११.